जुन्या औषधाला दुधाची जोड : पिंपरीच्या प्रयोगशाळेपासून लॅक्टोफेरिनपर्यंत

१/
सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत एका जिवाणूचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे आढळते. यातील पिंपरी म्हणजे मुंबई–पुणे रस्त्यावरचे, आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाणारे आपले पिंपरी. १९६१ साली येथील एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेने या जिवाणूपासून बुरशीनाशक औषध मिळवल्याचे जाहीर केले. त्याचे नाव हॅमायसिन. औषध प्रभावी होते, पण ते शरीरात नीट पोहोचत नसे आणि मात्रा वाढवली की रुग्णालाच त्रास होई. अशा औषधांना कशाची जोड द्यावी, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत जगभर विचारला जात आहे. त्याचे एक संभाव्य उत्तर दुधातील एका प्रथिनात शोधले गेले. त्या शोधाचा हा इतिहास.

२/
प्रारंभ पेनिसिलिनपासून करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात हे औषध प्रामुख्याने सैन्यासाठी राखलेले होते आणि युद्धानंतरही भारताला ते आयात करावे लागे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखे यांच्यासारखे शास्त्रज्ञ, जीवनावश्यक औषधे देशातच आणि सार्वजनिक मालकीत बनली पाहिजेत, असा आग्रह स्वातंत्र्यापूर्वीपासून धरत होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी खासगी कंपन्यांशीही बोलणी झाली. अखेरीस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारी कारखाना उभारण्याचे ठरले. जागा निवडली गेली ती पिंपरीची.

३/
१९५४ मध्ये ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे औपचारिक उद्घाटन झाले. त्या वेळी पिंपरी हे मुख्यतः शेतीचे गाव होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी तेथे नुकतीच वसली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे आणि पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची. म्हणजे आजच्या औद्योगिक पट्ट्याच्या आरंभी, मोटारींच्या आधी, औषधाच्या किण्वनटाक्या आल्या होत्या.

४/
या टाक्यांशी दुधाचे पहिले नाते लागते ते साखरेमुळे. १९४१ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत अँड्र्यू मोयर यांनी पेनिसिलिनच्या बुरशीला मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, असा आहार दिला. उत्पादन कित्येक पटींनी वाढले. कारण साधे होते. ग्लुकोज बुरशी झटपट संपवते आणि वाढत सुटते. लॅक्टोज ती सावकाश पचवते, त्यामुळे अर्धपोटी राहून दीर्घकाळ पेनिसिलिन तयार करते. १९४० आणि १९५० च्या दशकांत पेनिसिलिनच्या उद्योगात लॅक्टोज हा नेहमीचा कच्चा माल होता आणि तो चीज बनवताना उरणाऱ्या पाण्यातून काढला जाई.

५/
त्या पाण्याला मराठीत निवळी म्हणतात. चक्का बांधला की फडक्यातून गळते, पनीर काढले की पातेल्यात उरते, ते हेच हिरवट-पिवळे पाणी. घरात ते कणीक मळायला किंवा आमटीत जाते. दुग्धव्यवसायात ते दीर्घकाळ टाकाऊ मानले गेले. या निवळीत साखर असते, तशी प्रथिनेही असतात. साखरेने पेनिसिलिनच्या उत्पादनाला हात दिला. प्रथिनांपैकी एकाने पुढे औषधांच्या परिणामाचाच प्रश्न हाती घेतला. तेथे पोहोचण्याआधी पिंपरीच्या प्रयोगशाळेत डोकावणे आवश्यक आहे.

६/
सार्वजनिक कारखान्याने केवळ परदेशी कृती वापरून बाटल्या भरू नयेत, स्वतःचे संशोधनही करावे, ही पिंपरीच्या स्थापनेमागील अपेक्षा होती. कारखान्याचे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे संशोधनपत्र निघू लागले. संशोधन विभागाची धुरा कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती. मातीचे नमुने आणायचे, त्यांतील जिवाणू वेगळे करायचे आणि कोणता जिवाणू आपल्या भोवतीच्या बुरशीला मागे हटवतो ते काचेच्या थाळीत पाहायचे, असे हे चिकाटीचे काम. त्यातूनच १९६१ मध्ये हॅमायसिन हाती आले. नावातील ‘हॅ’ आणि ‘अ’ ही अक्षरे थेट ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’मधून आलेली.

७/
पुढे याच प्रयोगशाळेतून डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन ही बुरशीनाशकेही आली. ऑरिओफंगिनचा उपयोग पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी झाला. एखाद्या नवस्वतंत्र देशाच्या सरकारी कारखान्याने दहा वर्षांच्या आत आयात तंत्रावरून स्वतःच्या रेणूंपर्यंत जावे, ही घटना औषधनिर्मितीच्या इतिहासात लहान नाही. तरीही पिंपरीच्या इतिहासात मोटारींना जेवढी पाने मिळतात, तेवढी या रेणूंना मिळत नाहीत.

८/
हॅमायसिन ज्या कुळातील आहे त्या औषधांना पॉलिइन म्हणतात. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी शोधलेले निस्टॅटिन हे या कुळातील पहिले उपयुक्त औषध. १९५० च्या दशकाच्या मध्यास व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील जिवाणूपासून अँफोटेरिसिन-बी मिळाले. हॅमायसिन त्याचेच जवळचे भावंड. बुरशीच्या पेशीचे आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थाने घट्ट राहते. पॉलिइन औषध नेमके त्यालाच चिकटते. आवरण फाटते, पेशीतील क्षार बाहेर झिरपतात आणि बुरशी मरते.

९/
अडचण अशी, की माणसाच्या पेशींच्या आवरणात असणारे कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचे नातलग आहे. औषधाची पसंती बुरशीकडे असते, पण ती पूर्ण नसते. म्हणून अँफोटेरिसिन शिरेतून दिले की ताप आणि हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हॅमायसिनची आणखी एक अडचण होती. ते पाण्यात विरघळत नसे आणि पोटातून घेतल्यास किती शोषले जाईल याचा भरवसा नसे. अमेरिकेतही त्याची प्राण्यांवर आणि मोजक्या रुग्णांवर तपासणी झाली. अखेरीस ते तोंडातील पांढरा चट्टा, कानातील बुरशी अशा वरवरच्या रोगांसाठी बाहेरून लावायचे औषध म्हणून उरले.

१०/
येथे या इतिहासातील मुख्य प्रश्न उभा राहतो. रेणू प्रभावी आहे, पण परिणामाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. मग दोनच वाटा उरतात. एक, औषधाला असे वाहन द्यावे की ते निरोगी पेशींना टाळून जाईल. दोन, त्याला असा साथीदार द्यावा की थोड्या मात्रेतच काम भागेल. महाराष्ट्राने पहिल्या वाटेवर महत्त्वाचे पाऊल टाकले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्लीचे जीवरसायनशास्त्रज्ञ बी. के. बच्छावत यांच्या सहकार्याने, अँफोटेरिसिनला स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म कुप्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्याची भारतीय पद्धत विकसित केली.

११/
हे भारतीय लायपोसोमी औषध ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आले. देण्यापूर्वी त्याची कुपी सुमारे ४५ मिनिटे ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावी लागते, म्हणजे कुप्यांचा आकार लहान होतो. बुरशीजन्य रोगांबरोबरच बिहारमधील काळा-आजारावरही त्याच्या चाचण्या झाल्या. हॅमायसिन लायपोसोममध्ये भरून उंदरांवर तपासण्याचे प्रयोगही दिल्लीत झाले. पिंपरीचा रेणू, मुंबई-दिल्लीचे वाहन, अशी ही जोडणी होती. पण हॅमायसिन त्या वाटेने रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचले नाही.

१२/
दुसरी वाट साथीदाराची. तिचा आरंभ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होतो. १९३९ मध्ये मार्गरेट आणि एस. पी. एल. सोरेनसेन या दांपत्याने निवळीतील प्रथिनांवर निबंध प्रसिद्ध केला. आम्लता मोजण्याची पीएच पट्टी देणारे सोरेनसेन ते हेच. त्या निबंधात एका तांबूस प्रथिनाचा उल्लेख होता. १९६० मध्ये ते प्रथिन स्वतंत्र संशोधकांनी गाईच्या आणि स्त्रीच्या दुधातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तांबूस रंग लोहामुळे येतो हे कळले आणि नाव रूढ झाले लॅक्टोफेरिन. ‘लॅक्टो’ म्हणजे दुधाचे, ‘फेरिन’ म्हणजे लोहाचे.

१३/
लॅक्टोफेरिनच्या एका रेणूला दोन पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीत लोहाचा एक अणू पकडला जातो. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ मध्ये मानवी लॅक्टोफेरिनची त्रिमिती रचना उलगडली. म्हशीच्या दुधातील लॅक्टोफेरिनची रचना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत टी. पी. सिंग यांच्या गटाने शोधली. दुधात हे प्रथिन बहुतांशी रिकाम्या पाकळ्यांनिशी असते. म्हणजे समोर लोह आले की ते धरून ठेवण्यास ते सज्ज असते. अश्रू, लाळ आणि रक्तातील पांढऱ्या पेशी यांतही ते आढळते. शरीर जेथे जेथे बाहेरच्या जगाला भिडते, तेथे त्याचा पहारा असतो.

१४/
लोह धरून ठेवण्याला एवढे महत्त्व का? जवळजवळ प्रत्येक रोगकारक जिवाणूला आणि बुरशीला वाढण्यासाठी लोह लागते. १९७२ मध्ये ब्रिटनमधील जे. जे. बुलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्त्रीचे दूध आतड्यातील ई. कोलाय जिवाणूची वाढ रोखते, पण त्याच दुधात लोह मिसळले की ही शक्ती नाहीशी होते. १९७७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पुढची पायरी दाखवली : काही जिवाणूंना लॅक्टोफेरिन केवळ उपाशी ठेवत नाही, थेट मारतेही. १९८८ मध्ये आर. टी. एलिसन यांच्या गटाला आढळले, की ते काही जिवाणूंचे बाह्य आवरण सैल करते आणि मग एरवी आत न शिरणारे रिफॅम्पिसिन सहज आत जाते.

१५/
औषधाचा जोडीदार ही कल्पना या शेवटच्या निरीक्षणात स्पष्ट दिसते. भिंत प्रथिनाने सैल करायची आणि आत जाऊन काम औषधाने करायचे. यानंतर निरनिराळ्या औषधांसोबत लॅक्टोफेरिनची परीक्षा सुरू झाली. १९९२ मध्ये जपानमधील मोरिनागा या दुग्धकंपनीच्या संशोधकांनी लॅक्टोफेरिनच्या पचनातून सुटणारा एक लहान तुकडा ओळखला. तो मूळ प्रथिनापेक्षाही अधिक मारक होता. त्याला लॅक्टोफेरिसिन म्हणतात. पुढे जपानी संशोधकांनीच कॅन्डिडा बुरशीवर फ्लुकोनॅझोलसारख्या औषधांचा परिणाम लॅक्टोफेरिनच्या संगतीत वाढतो असे प्रयोगशाळेत दाखवले.

१६/
पेनिसिलिनची कथाही येथे परत येते, आणि ती गोठ्यातून येते. दुभत्या जनावरांच्या कासेला सूज येऊन दूध नासते, त्या रोगाला शेतकरी दगडी म्हणतात आणि पशुवैद्यक कासदाह. त्यामागे अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो आणि पेनिसिलिन तोडणारे विकर तो स्वतःच बनवतो. कॅनडातील संशोधकांनी २००२ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लॅक्टोफेरिन आणि पेनिसिलिन एकत्र दिल्यास असे जिवाणू अधिक दबतात असे आढळले. २००७ मध्ये आजारी गाईंवरील प्रयोगातही ही जोडी एकट्या पेनिसिलिनपेक्षा सरस ठरली. दुधातून निघालेले प्रथिन गाईच्या कासेतच औषधाच्या मदतीला गेले.

१७/
पिंपरीच्या कुळातील औषधांच्या दृष्टीने सर्वात जवळचे काम ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात झाले. तेथील गटाने कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशींवर अँफोटेरिसिन-बी आणि लॅक्टोफेरिन एकत्र वापरले. दोघांचा एकत्रित परिणाम दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा अधिक निघाला. पेशीच्या आत पाहता असे दिसले, की बुरशीचा लोह आणि जस्त यांचा हिशेब विस्कटतो आणि अँफोटेरिसिनच्या घावातून सावरण्याची तिची क्षमता कमी होते. कमी मात्रेत तेवढाच परिणाम, ही पॉलिइन औषधांची साठ वर्षांची गरज येथे निदान काचेच्या थाळीत तरी भागली.

१८/
या संशोधनाची निकड महाराष्ट्राने २०२१ मध्ये अनुभवली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग पसरला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांमुळे त्याला वाट मिळाली. रुग्णांचे डोळे आणि जबड्याची हाडे काढावी लागली. अँफोटेरिसिनचा तुटवडा झाला आणि नातेवाईक एकेका कुपीसाठी शहरोशहरी फिरले. त्या मे महिन्यात वर्ध्यातील एका कंपनीने हे इंजेक्शन बनवण्यास सुरुवात केली, ही राज्यभराची बातमी ठरली. ज्या राज्यात सहा दशकांपूर्वी याच कुळातील औषध शोधले गेले, तेथे ही वेळ आली होती.

१९/
म्युकर कुळातील बुरशीला लोहाची हाव विशेष असते. रक्तातील साखर आणि आम्लता वाढली की प्रथिनांना बांधलेले लोह मोकळे होते आणि बुरशी फोफावते. मग लोह काढून घेणारे औषध अँफोटेरिसिनसोबत दिले तर? प्रश्न तर्कशुद्ध होता आणि प्राण्यांवरील प्रयोगांनी आशा दाखवली होती. अमेरिकेत डेफेरासिरॉक्स या लोहशोषक औषधाची २० रुग्णांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९० दिवसांनंतर जोड-औषध मिळालेल्या गटात ८२ टक्के रुग्ण दगावले होते, तर दुसऱ्या गटात २२ टक्के. गट लहान होते आणि जोड-औषधाच्या गटातील रुग्ण मुळातच अधिक आजारी होते, हे खरे. तरीही वाट तेथेच थांबली.

२०/
डेफेरासिरॉक्स म्हणजे लॅक्टोफेरिन नव्हे. ते कृत्रिम औषध आहे आणि त्याचे काम वेगळ्या रीतीने चालते. पण या चाचणीचा धडा दोघांनाही लागू आहे. थाळीत किंवा उंदरात दिसलेली जोडी माणसात टिकेलच असे नाही. लॅक्टोफेरिनचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी वजनाच्या ४७२ नवजात बालकांपैकी ज्यांना गाईचे लॅक्टोफेरिन दिले त्यांच्यात जंतुदोषाचे प्रमाण ५.९ टक्के आणि इतरांत १७.३ टक्के आढळले. जगभर आशा पालवली. २०१९ मध्ये ब्रिटनमधील २,२०३ बालकांची मोठी चाचणी पूर्ण झाली. फरक जवळजवळ नव्हता : २९ विरुद्ध ३१ टक्के.

२१/
जठरातील हेलिकोबॅक्टर जिवाणूबाबतही असेच घडले. २००३ च्या एका इटालियन अभ्यासात नेहमीच्या तीन औषधांना लॅक्टोफेरिनची जोड देताच यश लक्षणीय वाढले. दोन वर्षांनी दुसऱ्या इटालियन गटाला फायदा दिसला नाही. मानवी लॅक्टोफेरिन अ‍ॅस्परजिलस या बुरशीत, म्हणजे पेनिसिलिनसारख्याच किण्वनटाकीत, बनवण्यातही यश आले. पण त्यापासूनचे टॅलॅक्टोफेरिन २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या चाचणीत अपयशी ठरले आणि तीव्र जंतुदोषाच्या चाचणीत मृत्यू अधिक दिसल्याने ती चाचणी थांबवावी लागली. नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे समीकरण येथे कोसळले.

२२/
एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. औषध दुधासोबत घ्यावे, या अनुपानाच्या जुन्या रीतीला या संशोधनाने दुजोरा मिळत नाही. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमला बांधली जातात आणि शरीरात कमी शोषली जातात. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहे. गाईच्या एक लिटर दुधात लॅक्टोफेरिन साधारण ०.१ ते ०.२ ग्रॅम असते. स्त्रीच्या दुधात ते याच्या दहापटीच्या घरात जाते. व्यायल्यानंतरच्या चिकात ते दुधापेक्षा पुष्कळ अधिक असते, पण खरवस करण्यासाठी चीक वाफवला की त्यातील प्रथिने गोठतात. औषधाच्या कसोटीला उतरणारे लॅक्टोफेरिन कारखान्यातच, निवळीतून, उष्णता टाळून काढावे लागते.

२३/
पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याकडे आता पुन्हा पाहावे. चाकण खेड तालुक्यात आहे. तेथून पुणे–नाशिक रस्त्याने उत्तरेस गेले की आंबेगाव आणि जुन्नरचा दुधाचा प्रदेश लागतो. मंचरच्या पराग मिल्क फूड्समध्ये चीज बनते आणि त्याच्या निवळीपासून प्रथिनांची भुकटीही. चाकणमध्ये जैवतंत्रज्ञानाने प्रथिन-औषधे बनवणारे कारखाने आले आहेत. दक्षिणेस पिंपरीत किण्वनाची सात दशकांची परंपरा आहे. निवळी, प्रथिने शुद्ध करण्याचे तंत्र आणि प्रतिजैविकांचा अनुभव, असे तिन्ही धागे एकाच रस्त्यावर, दीड-दोन तासांच्या अंतरात आहेत. त्यांना एकत्र बांधणारी संशोधनसंस्था मात्र या चित्रात ठळक दिसत नाही.

२४/
ती भूमिका एकेकाळी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने निभावली होती. १९९० च्या दशकात स्वस्त आयात आणि तोटा यांनी कारखाना खंगला. १९९७ मध्ये तो आजारी उद्योग म्हणून नोंदला गेला आणि २०१६ मध्ये देणी भागवण्यासाठी त्याची अतिरिक्त जमीन विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. जमिनीची किंमत काढता येते. मातीच्या नमुन्यांतून हॅमायसिन, डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन काढणाऱ्या प्रयोगशाळेची शिस्त कोणत्या रकान्यात मांडावी, याचे उत्तर ताळेबंदात नसते.

२५/
या प्रश्नाचे मोल रुग्ण देतात. कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिली गेली आणि २०१३ पर्यंत भारतातील रुग्णालयांतून तिच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तिचे अनेक वाण फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, काही अँफोटेरिसिनलाही नाहीत. नवे बुरशीनाशक रेणू फार क्वचित येतात, कारण त्यांत खर्च मोठा आणि नफा अनिश्चित असतो. म्हणून हाती असलेल्या जुन्या औषधांचे आयुष्य वाढवणे हे दुय्यम काम राहिलेले नाही. लॅक्टोफेरिनसारखे साथीदार त्या कामाचे उमेदवार आहेत. ते यशस्वी ठरतील की नाही, हे मोठ्या, प्रामाणिक आणि कंटाळवाण्या चाचण्यांनीच ठरेल.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेतून दोन गोष्टी बरोबर घ्याव्यात. पहिली : औषध हा एकटा रेणू नसतो. लॅक्टोजवाचून पेनिसिलिनच्या टाक्या भरल्या नसत्या, लायपोसोममुळे अँफोटेरिसिन सुसह्य झाले आणि योग्य वाहन न मिळाल्याने हॅमायसिन कानाच्या थेंबांपाशी थांबले. दुसरी : शोध आणि उपचार यांच्यामधील अंतर ओलांडण्यासाठी तोटा सोसू शकणारी, अपयशही प्रसिद्ध करणारी सार्वजनिक संस्था लागते. पिंपरीत ती एकदा उभी राहिली होती. हॅमायसिन आणि लॅक्टोफेरिन एकाच थाळीत ठेवून पाहण्याइतका साधा प्रयोगही अशाच एखाद्या प्रयोगशाळेचे काम आहे. त्यासाठी लागणारी माती पिंपरीची आहे आणि निवळी मंचरची.

(धागा समाप्त)